रेषेचे चौकोन, चौकोनांची रेषा

१९६० च्या दशकात कॅनडाने आपल्या जमिनीचा हिशेब मांडायला घेतला. कुठली जमीन पिकाऊ, कुठे जंगल वाढेल, वन्यजीवांसाठी जागा कुठे राखावी, हे ठरवायचे होते. 'कॅनडा लँड इन्व्हेंटरी'त शेतीच्या दृष्टीने जमिनीच्या ७ प्रती ठरवल्या होत्या. पण नकाशे एकावर एक ठेवून हाताने क्षेत्रफळे काढायला माणसे आणणार कुठून? ओटावातल्या एका हवाई सर्वेक्षण कंपनीत काम करणाऱ्या रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकाकडे सोपवायचा आग्रह धरला. त्यातून 'कॅनडा जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टीम' उभी राहिली.

खरा अडथळा होता नकाशा यंत्रात उतरवण्याचा. प्रत्येक सीमारेषा हाताने गिरवून तिचे बिंदू टिपणे फार वेळखाऊ होते, म्हणून आयबीएमने मोठा ड्रम स्कॅनर बांधला. नकाशातल्या फक्त सीमारेषा आधी वेगळ्या कोरून घेत. त्यावर नावे नसत, रंग नसत. ते पान ड्रमवर चढवले की ड्रम फिरू लागे आणि रेषा ठिपक्या-ठिपक्यांनी नोंदली जाई. हे रास्टर, म्हणजे चौकोनांची जाळी: प्रत्येक घरात रेषा आहे की नाही, एवढीच नोंद.

पण ठिपक्यांच्या या जाळीला शिवार कळत नाही. म्हणून संगणक जाड रेषा बारीक करी, तिचा माग काढी, रेषा जिथे मिळतात ते तिठे हेरी आणि रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला जमिनीचा कोणता तुकडा आहे ते लिहून ठेवी. प्रत्येक तुकड्यात एक बिंदू टिपून जमिनीची प्रत वेगळी भरत. असे रास्टरचे वेक्टर, म्हणजे बिंदूंनी जोडलेल्या रेषांचा नकाशा, झाले.

त्याच काळात अमेरिकेत उलटा प्रवास चालू होता. हॉवर्ड फिशर यांनी १९६५ मध्ये हार्वर्डला प्रयोगशाळा काढली. त्यांच्या 'सिमॅप' या नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमला सीमा द्यायच्या त्या निर्देशांकांत. नकाशा मात्र लाइन प्रिंटरवर अक्षरांच्या जाळीत उमटे. गडद छटा हवी असेल तर एकाच जागी अक्षरांवर अक्षरे छापत.

१९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह सुटला आणि सुमारे ८० मीटरच्या पिक्सेलांची चित्रे येऊ लागली. ती जुन्या रेषांच्या नकाशांशी जुळवायची तर दोन्ही रूपांतरे रोजचीच झाली. रास्टरवरून काढलेल्या रेषेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी रेषेतले अनावश्यक बिंदू गाळण्याची रीत मांडली. अशा रेषा हलक्या करायला ती आजही वापरतात. १९८१ मध्ये डॉना प्यूके यांनी दोन्ही दिशांच्या पद्धतींचा आढावा दोन लेखांत घेतला.

आज 'जीडीएएल' या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे रूपांतराचे काम एका आज्ञेवर होते, पण नियम माणसालाच निवडावा लागतो. समजा, ४० मीटर रुंदीची नदी १०० मीटरच्या जाळीत टाकली. ज्या चौकोनाचा मध्यबिंदू पात्रात येतो तोच भरायचा, हा नेहमीचा नियम लावला, तर तिरकी वाहणारी नदी जागोजाग तुटते. स्पर्श होईल तो प्रत्येक चौकोन भरला तर ती सलग दिसते, पण पात्र १०० मीटरचे किंवा त्याहूनही रुंद होते. त्यामुळे पाण्याचे क्षेत्र मोजायचे असेल तर ते मूळ वेक्टरवरून मोजावे आणि जाळी फक्त प्रवाह सलग दाखवण्यापुरती ठेवावी.