भाजीची पट्टी

"भाजी किती महाग झालीय!" हे वाक्य आपल्या घरांत दर पिढीने म्हटलं आहे. आजी आण्यांच्या हिशोबात म्हणायची, आई रुपयांच्या, आणि आता मी म्हणते, "पंधरा रुपये पाव? किलोचे साठ झाले की!" (शेर जाऊन साठ वर्षं होऊन गेली तरी अडीचशे ग्रॅमला आपण पावशेरच म्हणतो. आणि भाव किलोवर न सांगता पावावर सांगितला की तो जरा कमी टोचतो, हे भाजीवाल्यांना बरोब्बर ठाऊक असतं.)

गंमत म्हणजे, ज्यांनी ती भाजी पिकवली त्यांचं वाक्य नेमकं उलटं असतं. "माल मातीमोल गेला." आमच्याकडे ही दोन्ही वाक्यं एकाच पंगतीत ऐकू येतात. सासरची मंडळी पेठेतली, पिशवी घेऊन मंडईत जाणारी. माहेरची पुरंदर तालुक्यातली, वाटाणा आणि घेवडा पिकवणारी. दिवाळीला सगळे जमले की विषय भाजीच्या भावावर येतोच, आणि मी मधल्यामध्ये. दोघंही खरं बोलत असतील तर मधले पैसे जातात कुठे? त्या प्रश्नाच्या नादाने थोडं वाचन केलं. जे हाती लागलं ते इथे मांडते. जरा लांबण लागेल, पण वाचा.

सुरुवात आपल्या मंडईपासूनच करू. ही दगडी, अष्टकोनी मनोऱ्याची इमारत होण्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. आजूबाजूच्या गावांतले माळी-कुणबी पाट्या आणि गाड्या घेऊन यायचे, पथारी टाकायचे आणि माल संपला की घरी जायचे. ऊन, पाऊस, धूळ, सगळं होतंच. मग नगरपालिकेने ठरवलं की शहराला शोभेल असा बाजार बांधायचा. १८८६ साली तो पुरा झाला आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' म्हणून ओळखला जाऊ लागला. खर्च तीन लाखांच्या घरातला. त्या काळचे तीन लाख, बरं का!

या खर्चाला ज्यांनी नगरपालिकेत विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. ते १८७६ पासून काही वर्षं सरकारनियुक्त सभासद होते. सरकारनेच नेमलेला सभासद सरकारच्या लाडक्या कामाला नाही म्हणतो, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणासारख्या गरजांवर घालावा, अशी त्यांची भूमिका होती. आणि भाजीबाजाराबद्दल बोलायचा अधिकार त्यांच्याइतका त्या सभागृहात फार थोड्यांना असेल. घरचा धंदा फुलांचा आणि भाजीचा, पुढे मांजरीला स्वतःची शेती. पाटीखालची मान कशी अवघडते ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

त्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' याच सुमाराचं, १८८३ सालचं. त्यात भाजी शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचं जे वर्णन आहे ते वाचताना मी थबकले. त्याचा मतलब असा: शेतकरी गाडीभर माळवं घेऊन शहरात येतो. नगरपालिका त्यावर जकात घेते. दलाल आपलं काढून घेतो. भाव कधी इतका पडतो की सगळं चुकतं केल्यावर गाडीभाडंही पदरचं भरावं लागतं, आणि तो रिकाम्या हाताने घरी पोरांपुढे जाऊन उभा राहतो.

आता ही दुसरी गोष्ट बघा. फेब्रुवारी २०२३. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. म्हणजे ५१२ रुपये. त्यातून वाहतूक, हमाली, तोलाई वगैरे मिळून सुमारे ५०९ रुपये कापले गेले आणि त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. वर्तमानपत्रांत तेव्हा बरंच गाजलं होतं, तुम्हाला आठवत असेल.

दोन्ही गोष्टींमध्ये एकशे चाळीस वर्षं आहेत. मधल्या काळात कुणी काही केलंच नाही असं म्हणावं तर तेही खरं नाही. खूप केलं.

१८८६ हेच साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी वऱ्हाडातल्या कारंजा इथे कापसाचा बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात असे बाजार सगळीकडे व्हावेत अशी शिफारस केली. १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा आला आणि १९६३ मध्ये महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा.

हे कायदे कशासाठी होते हे आज आपण विसरून गेलोय. त्याआधी बाजारात भाव ठरायचा तो रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटं कापडाखाली दाबून सौदा करत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्यालाच भाव माहीत नाही! वजन करताना कडता कापायचा, नमुना म्हणून मूठभर काढायचं, धर्मादायाच्या नावाने आणखी थोडं. बाजार समितीने उघडा लिलाव आणला, परवानाधारक तोलणार आणला, आणि लिहिलेली पट्टी आणली. पट्टी म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद. किती वजन, काय भाव, काय कापलं, हातात किती. शहरातल्या वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल, पण शेतकऱ्याच्या घरात तो शाळेच्या निकालाइतक्याच धाकधुकीने उघडला जातो.

एकदा मामेभावाने मला त्याची वाटाण्याची पट्टी दाखवली होती. त्याच आठवड्यात मी इथे तोच वाटाणा ऐंशी रुपये किलोने घेतला होता. त्याच्या कागदावरचा भाव तिशीच्या आत होता, आणि खाली वजाबाकी. मोटारभाडं, हमाली, तोलाई. तो काही रागाने बोलला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, ही तोडणीची मजुरी यात धरलेली नाही हं." मी त्याच्याकडून येताना पिशवीभर वाटाणा फुकट घेऊन आले होते. त्या दिवशी सोलताना काही तो गोड लागला नाही.

मग चोर कोण? आपल्याला एक खलनायक सापडला की बरं वाटतं, आणि इथे तो तयारच असतो: दलाल. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात आपण टोमॅटोला दिलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे, कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात असं आलं. उरलेल्या पासष्ट पैशांत वाटेकरी पुष्कळ असतात. टेम्पोवाला, हमाल, आडत्या, घाऊक व्यापारी, आणि शेवटी आपली भाजीवाली. पहाटे तीनला उठून मार्केट यार्डात जाणारी, मेथीच्या जुड्या संध्याकाळपर्यंत पाणी मारून जगवणारी, आणि ज्या विकल्या गेल्या नाहीत त्या तिथेच टाकून जाणारी. त्या टाकलेल्या जुड्यांची किंमत विकल्या गेलेल्या जुड्यांवर चढणारच. हमालांचं म्हणाल तर पुण्यात बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली तेव्हा कुठे त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला धड मोल मिळायला लागलं. पट्टीवरची हमाली मला खुपते, पण ती कुणाची तरी भाकरी आहे.

खरा दोष असलाच तर तो नाशवंतपणात आहे असं मला वाटू लागलंय. ज्वारी कणगीत थांबते. कोथिंबीर थांबत नाही. ज्याचा माल थांबू शकत नाही त्याला भाव ठरवता येत नाही, मग कायदा कुठलाही असो. २०२३ चा टोमॅटो आठवा. जुलैमध्ये किलो शंभराच्या वर गेला. केंद्र सरकारने दिल्लीसारख्या शहरांत आधी ९०, मग ८०, मग ७० रुपयांनी स्वतः विकला. आणि सप्टेंबर येईतो आपल्याकडे भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरी सुटेना म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. जुलैत सगळ्यांनी बातमी वाचली. सप्टेंबरातली किती जणांनी वाचली?

बाजार समित्याही कालांतराने साचल्या, हेही सांगायला हवं. ज्या परवान्याने फसवणूक थांबवायची होती तोच परवाना मोजक्या गाळ्यांची मिरास होऊन बसला. म्हणून २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. शेतकरी आठवडे बाजार त्याच सुमारास शहरांत दिसू लागले. कल्पना नवी नव्हती. पंजाबात १९८७ मध्ये 'अपनी मंडी' निघाली होती, आंध्रात १९९९ मध्ये रयतू बाजार आणि त्याच वर्षी तामिळनाडूत उळवर संदै. सगळ्यांचं सूत्र एकच: पिकवणारा आणि शिजवणारा समोरासमोर.

...म्हणजे शनिवारवाड्यासमोरचं पटांगणच की! फरक एवढाच की तेव्हा शेतं शहराला लागून होती. आता हडपसर-मुंढव्याच्या मळ्यांवर इमारती उभ्या आहेत आणि भाजी शंभर-शंभर किलोमीटरवरून येते. ही लांबी कुठल्याच कायद्याने कमी होत नाही.

आता घरातला प्रश्न. स्वस्त भाजी मिळवायची कशी? आमच्या सासूबाईंची जुनी रीत अशी: मंडईत जायचं ते दिवेलागणीला, बाजार उठताना. तेव्हा वाटे लागतात. चार वांगी, सहा टोमॅटो, दोन काकड्या, जे असेल ते, उचला आणि चला. दुसरी रीत हंगामाची. पौषात वाटाणा-गाजर मनसोक्त, पावसाळ्यात पालेभाजीचा हट्ट नाही, कारण शेतात पाणी साचलं की ती सडते आणि वर श्रावणाचे उपासतापास मागणी वाढवतात. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातले सांडगे, वाळवलेली गवार, मटकीची उसळ, आणि काहीच नसेल तर पिठलं. मला वाटतं आपल्या स्वयंपाकघरातला निम्मा शहाणपणा भाजीच्या भावातूनच जन्माला आलाय. तिसरी रीत आता आमच्या सोसायटीत चालू आहे: चार घरं मिळून रविवारी मार्केट यार्डातून घाऊक आणायचं आणि वाटून घ्यायचं.

या सगळ्या खटाटोपात मला एक गोष्ट उमगली. स्वस्ताई दोन जातींची असते. एक, जी वाया जाणारं वाचवून किंवा मधलं अंतर कमी करून येते. उठत्या बाजारातला वाटा, हंगामातला वाटाणा, चार घरांचा मिळून एक टेम्पो. यात कुणाचं काही जात नाही, उलट थोडं वाचतं. दुसरी, जी कुणाच्या तरी पट्टीतून येते. एक रुपया किलोचा कांदा कुणी आनंदाने विकत नाही. दारावर येणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून मिळते तीही याच जातीची. पिशवीत दोन्ही सारख्याच दिसतात, ही अडचण आहे.

जाता जाता मंडईच्या नावाबद्दल. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'चं 'महात्मा फुले मंडई' झालं. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच फुल्यांचं नाव! कुणी याला विनोद म्हणतं. मला ते चुकलं असं वाटत नाही. तीन लाख इमारतीत घालण्याआधी, भाजी घेऊन येणाऱ्याच्या हातात काय उरतं ते बघा, असं म्हणणारा माणूस त्या जागेला साजेसाच आहे. इमारत टिकली, आज तिच्यात गाळे आहेत, गर्दी आहे. जकात २०१३ मध्ये पुण्यातून गेली. ताज्या भाजीवर जीएसटीही नाही. पण त्यांच्या पुस्तकातला तो रिकाम्या हाताने घरी जाणारा शेतकरी मात्र अजून अधूनमधून बातम्यांत भेटतो.

माहेरच्यांना विनंती: यंदाच्या पट्ट्या जपून ठेवा. सासरच्यांना विनंती: भाजीच्या पिशवीबरोबर भावही लिहून ठेवा. दिवाळीला दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू या. आणि इतर वाचकांनो, तुमच्या गावच्या बाजारात वाटे लागतात का अजून? किती वाजता?