लिंबाच्या पानातील भुयार आणि नावाची गोष्ट

जयपूर असो वा नागपूर, लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी, नागमोडी रेषा तुम्ही पाहिली असेल. शेतकरी तिला 'नागअळी' म्हणतात. रेषा म्हणजे पानाच्या वरच्या पातळ थराखालचे भुयार, आणि त्यातली काळी ओळ म्हणजे अळीची विष्ठा.

या किड्याला शास्त्रीय नाव मिळाले ते 1856 मध्ये. हेन्री स्टेंटन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून 'फिलोक्निस्टिस सिट्रेला' असे त्याचे नामकरण केले. नमुने भारतातले, वर्णन लंडनमधले. पुढे कित्येक दशके हाच क्रम राहिला.

पुढच्या काळातले मोठे नाव एडवर्ड मेरिक. ते मार्लबरो कॉलेजात शिक्षक होते. सूक्ष्म पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींची वर्णने त्यांनी केली, तीही बहुतांशी भिंगाच्या आधारे. जननेंद्रियांचे विच्छेदन ते करीत नसत. आज नेमके तेच ओळख पटवण्याचे मुख्य साधन आहे, म्हणून त्यांच्या वर्णनांवर एकट्याने विसंबता येत नाही; लंडनच्या संग्रहालयातील मूळ नमुना पुन्हा तपासावा लागतो. भारतीय विद्यार्थ्याची ही अडचण अजून संपलेली नाही.

मेरिक यांच्याकडे नसलेली गोष्ट बिहारमधील पुसा येथे होती. तिथल्या शेती संशोधन संस्थेत टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी पतंगांची जीवनवृत्ते जमवली. 1920 मध्ये ती प्रसिद्ध झाली. माझ्या मते त्यांचे महत्त्व मेरिक यांच्या कामाइतकेच आहे. दिव्यावर सापडलेल्या पतंगाला नाव देता येते, पण तो कोणत्या झाडावर जगला हे अळी पाळल्याशिवाय कळत नाही.

तुम्हाला अनोळखी भुयार मिळाले तर आधी झाडाची ओळख पक्की करा. मग फांदीसकट पान आणा, कारण तोडलेले पान सुकले की आतली अळीही मरते. डबीत किंचित ओलावा ठेवा. जास्त झाला तर बुरशी येते. लिंबावरची अळी पानाची कड दुमडून तिथेच कोष करते. बाहेर येणाऱ्या पतंगाचे पंख पसरूनही जेमतेम चार मिलिमीटर भरतात. कधी पतंगाऐवजी इवलीशी परजीवी गांधीलमाशीच निघते. तीही फेकू नका, झाडाच्या नावासह जपून ठेवा. 1993 मध्ये ही नागअळी फ्लोरिडात आढळली, तेव्हा तिथल्या लोकांनी अशाच एका परजीवीला ऑस्ट्रेलियातून मागवून घेतले होते.