विमान प्रवासातील अतिरिक्त शुल्क : स्वरूप आणि दक्षता

सामान, आसनाची निवड, भोजन आदी सेवांसाठी विमान कंपन्या मूळ भाड्याव्यतिरिक्त जी रक्कम घेतात, तिला अतिरिक्त शुल्क म्हणतात. त्यामुळे सर्वांत कमी भाड्याचे तिकीट प्रत्यक्षात स्वस्त ठरेलच असे नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, नोंदणीकृत सामान न नेणाऱ्या प्रवाशांना सवलतीचे भाडे देण्याची मुभा कंपन्यांना दिली. अशा प्रवाशाने ऐनवेळी काउंटरवर बॅग दिल्यास शुल्क भरावे लागते. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रातून डुमना विमानतळावर येणाऱ्या तंत्रज्ञाची पिशवी ७ किलोंहून हलकी असली, तरी पक्कड, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर यांसारखी अवजारे सुरक्षा नियमांनुसार केबिनमध्ये नेता येत नाहीत. त्याने सामानाचा समावेश असलेले भाडेच निवडणे हिताचे ठरते.

देशांतर्गत प्रवासाच्या सर्वसाधारण तिकिटात बहुधा १५ किलो नोंदणीकृत सामान समाविष्ट असते. बॅगेचे वजन घरीच करावे; जादा वजनाचे शुल्क आगाऊ भरल्यास ते सहसा कमी पडते. पसंतीचे आसन घेणे ऐच्छिक असते. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी शुल्क आकारू नये, असे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना कळविले आहे.

तिकीट रद्द केले किंवा प्रवास चुकला, तरी वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. प्रवाशांनी त्याची मागणी अवश्य करावी.