बागचे छापे आणि फांद्यांचा हिशेब

धारच्या कॉलेजात मी वाणिज्य शिकवायचो. 'डिसिजन ट्री'चा धडा आला की पुस्तकातला साबण-बिस्किटांचा दाखला बाजूला ठेवायचो आणि फळ्यावर बाग गावच्या, कापडावर छापे उठवणाऱ्या खत्र्यांचा धंदा मांडायचो. पोरं आधी हसायची. त्यातल्या निम्म्यांच्या घरी बागची चादर असायची, पण तिच्यामागे कुणी काही ठरवलं असेल हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसायचं.

धार-देवास म्हटलं की मराठी माणसाला पवार आठवतात. बाग मात्र होतं शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. खत्री मूळचे सिंधमधल्या लारकान्याचे. मारवाड, मनावर असं करत बागला आले. गिऱ्हाईक ठरलेलं: भिल्ल-भिलाला बायकांचे घागरे. कुणी कोणती नक्षी नेसायची तेही ठरलेलं.

१९६० च्या दशकात गिरणीचं स्वस्त कृत्रिम कापड आठवडी बाजारात आलं आणि हे गिऱ्हाईक तुटायला लागलं. पुढे तीन वाटा होत्या. रासायनिक रंग घ्या आणि स्वस्तात छापा. धंदा सोडा. नाहीतर तोच छापा साडीवर, चादरीवर उठवून शहरात न्या. बऱ्याच जणांनी पहिली किंवा दुसरी वाट धरली. इस्माईल सुलेमान खत्री आणि आणखी मोजके कारागीर तिसरीने गेले.

त्याच सुमारास, १९६४ साली, जॉन मॅगी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त 'डिसिजन ट्री', म्हणजे निर्णयाच्या झाडाची आकृती, व्यवस्थापकांसमोर मांडली. आपण निवडतो तिथे चौकोन, नशीब निवडतं तिथे गोल. हिशेब मात्र उजव्या टोकाकडून मागे यायचा. समजा, साडी चालण्याची शक्यता ०.४, चालली तर १०० चा नफा, पडली तर ५० चा तोटा. ४० वजा ३०, हाती १०. आता आधी ५ खर्चून थोड्या साड्या विकून पाहिल्या आणि ही चाचणी खरं बोलली, तर पडणारा माल आपण काढणारच नाही: ४० वजा ५, म्हणजे ३५. आकडे माझे, फळ्यावरचे. बागमध्ये असा कागद कुणी केला नव्हता.

पण माझं म्हणणं या आकड्यांपलीकडे आहे. साडीसाठी काय बदलायचं होतं? कापड आणि गिऱ्हाईक. बाकी सगळं तेच. मीठ, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात कापड मुरवायचं, हिरड्यात बुडवून पिवळसर करायचं. तुरटी चिंचोक्याच्या खळीत घालून लाल उठवायचा, लोखंडाच्या गंजापासून काळा. मग वाहत्या बाघिनी नदीत 'बिछलना', म्हणजे कापड पाण्यात मोकळं सोडून जास्तीचा रंग झटकणं. नंतर तांब्याच्या भट्टीत धावडीची फुलं आणि अलिझरिन घालून उकळणं. सागवानी छापा खळीवर टेकवून कापडावर ठेवतात, मुठीने एक ठोका, की पुढचा. कोपऱ्याला कोपरा जवळजवळ अचूक बसतो आणि हाताला मोजपट्टी लागत नाही. साडी फसली असती तर तेच छापे उचलून पुन्हा घागऱ्यावर आले असते. ही फांदी मागे वळणारी होती.

रासायनिक रंगाची फांदी तशी नव्हती. भट्टी थंडावली आणि पोरांच्या हाताची सवय मोडली की पाच-दहा वर्षांनी परत कुणी शिकवायचं? पहिल्या वर्षी तिथे फायदा नक्की दिसला असता. पुस्तकातलं झाड एका हंगामावर थांबवलं तर तीच फांदी जिंकते. म्हणून पोरांना सांगायचो, दुसऱ्या चौकोनाआधी खडू खाली ठेवू नका. परीक्षेत यावर गुण मिळत नसत, ही गोष्ट वेगळी.

खत्र्यांनी माल थोडा-थोडा करून शहरात नेला. सगळं भांडवल एका खेपेत लावलं नाही. १९८४ मध्ये इस्माईल खत्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये 'बाग प्रिंट'ला भौगोलिक मानांकन. आज घरातली पुढची पिढी, बायकांसह, हेच काम करते. स्क्रीनवर छापलेली नक्कलही 'बाग' म्हणून विकली जाते. घेताना कापड उलटून पाहा आणि नक्षीचे जोड नीट तपासा: हाताच्या ठोक्याचा छापा प्रत्येक वेळी केसभर तरी हलतो.