बॉल हातात दिला, कॅप्टनशिप नाही दिली! – पालवणकर बाळूंची गोष्ट

आयपीएलच्या गप्पा रोज चालतात. आज जरा शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या एका माणसाबद्दल वाचा.

पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला मुलगा. पुण्यात क्लबच्या मैदानावर झाडलोट करायची, रोलर फिरवायचा, नेट लावायचं, असं काम. पगार महिन्याला तीन-चार रुपये. गोरे साहेब प्रॅक्टिसला आले की यांनी तासन् तास बॉलिंग टाकायची. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. त्यातूनच डावखुरी फिरकी अशी तयार झाली की पुण्याच्या हिंदू क्लबला त्यांना संघात घ्यावंच लागलं.

घेतलं, पण कसं? मैदानावर त्यांनी टाकलेला बॉल सगळे हातात घ्यायचे. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर आणि त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात!

पुढे ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद? नाही म्हणजे नाही. १९२० साली त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. लोक बोलू लागले, दबाव वाढला, मग बाळूंना उपकर्णधार केलं. शेवटी १९२३ मध्ये कर्णधारपद विठ्ठल यांना मिळालं. थोरल्या भावाचं खेळायचं वय तोवर सरलं होतं.

पुढे बाळू राजकारणातही आले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभं केलं. बाळू हरले. ज्या बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान वाटायचा, त्यांच्याच विरोधात हे तिकीट! मतं मागायला नाव कुणाचं वापरायचं, हे पक्षाला बरोबर कळत होतं.

१९५५ मध्ये बाळू गेले.

आता आपल्या गावाकडे बघा. ढोल वाजवायला, मांडव घालायला, सतरंज्या उचलायला, प्रचारात पळायला सगळ्या समाजाची पोरं चालतात. मंडळाचा अध्यक्ष, संस्थेचा चेअरमन निवडताना त्यातल्या किती जणांचं नाव पुढे येतं? कुणावर आरोप नाही. आपापल्या मंडळाची यादी काढा आणि वाचा.