पवनारचे भाषण आणि निवडून आलेले पुढारी

जून 1940 मध्ये वर्ध्यात भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने, देशरक्षणाच्या प्रश्नावर गांधीजींच्या अहिंसेसोबत शेवटपर्यंत जाता येणार नाही असे सांगून त्यांना जबाबदारीतून मोकळे केले आणि जुलैत पुण्यात सशर्त युद्धसहकार्याचा ठराव झाला. सरकारने तो झिडकारल्यावर हेच नेते पुन्हा सेवाग्रामकडे, म्हणजे गांधीजींकडे, वळले. त्यात तत्त्वापेक्षा निरुपाय अधिक होता. 17 ऑक्टोबरला धाम नदीकाठच्या पवनारात गांधीजींनी निवडलेल्या विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह, म्हणजे निवडक व्यक्तींनी एकेकट्याने करावयाचा कायदेभंग, सुरू केला. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. पहिला मान सत्तेच्या राजकारणाबाहेरच्या माणसाला मिळाला. नोव्हेंबरपासून मात्र कायदेमंडळांचे सदस्य, त्यांत 1937 च्या निवडणुकीत मते मागून निवडून आलेलेही, त्याच वाटेने तुरुंगात गेले.