धुळीच्या तबकडीचे गणित

सर्व ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने आणि जवळजवळ एकाच पातळीत का फिरतात? या प्रश्नाचा विचार करताना कांट याने १७५५ मध्ये व लाप्लास याने १७९६ मध्ये असे प्रतिपादिले की, सूर्यमाला एका विरळ मेघातून जन्मली असावी. कल्पना भव्य होती. परंतु जन्मकाळची अशी तबकडी कोणीच पाहिलेली नव्हती.

विसाव्या शतकात अवरक्त किरण टिपणारी उपकरणे आली, तेव्हा वृषभ राशीतील काही तरुण तारे अपेक्षेहून अधिक उष्णता देताना आढळले. भोवतालची धूळ ताऱ्याचा प्रकाश शोषून तापते आणि ती उष्णता बाहेर टाकते. ही तबकडी सपाट न मानता कडेकडे जाड होत जाणारी मानली, तर दूरच्या धुळीवर प्रकाश अधिक पडतो आणि हिशेब पुष्कळसा जुळतो, हे १९८७ मध्ये केन्यन व हार्टमन यांनी दाखविले.

संगणकावर असे प्रतिरूप उभारताना ताऱ्याचे तापमान, तबकडीचा विस्तार, धूलिकणांचा आकार हे सारे आधी गृहीत धरावे लागते. मग प्रकाशाचे लक्षावधी पुंजके सोडावयाचे; कोणता कोठे विखुरेल, कोठे शोषला जाईल, हे जणू फासे टाकून ठरते. उलाम व फॉन नॉयमन यांनी महायुद्धानंतर न्यूट्रॉनांसाठी योजिलेल्या या पद्धतीला माँटे कार्लो येथील द्यूतगृहावरून नाव मिळाले.

अडचण अशी की, निरनिराळ्या तबकड्यांतून सारखाच प्रकाश येऊ शकतो. गणित जुळले म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे. २०१४ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरील एचएल टॉरी या ताऱ्याचे चित्र घेतले. तारा जेमतेम दहा लक्ष वर्षांचा. तरीही तबकडीत तेजस्वी कडी व काळोखे पट्टे स्पष्ट दिसले. गुळगुळीत तबकडीची प्रतिरूपे तेथे अपुरी पडली.

एक गृहीत तर आजही सर्रास वापरतात: धुळीच्या शंभरपट वायू. हे प्रमाण ताऱ्यांमधील अवकाशावरून घेतलेले आहे. तबकडीत ते तसेच टिकते काय? गुरूसारखा ग्रह घडण्याइतके द्रव्य तेथे आहे की नाही, याचा निवाडा त्या एका आकड्यावर अवलंबून असतो. म्हणून संगणकाचे उत्तर वाचण्यापूर्वी त्याला काय सांगितले होते, ते वाचावे.